झटका न देणारी वीज

सातपूरच्या शाळेत विजेचा पाठ शिकवताना एक सोय असते आणि एक अडचणही. निम्म्या मुलांच्या घरी कोणी ना कोणी एमआयडीसीत कामाला असल्यामुळे मोटर, ट्रान्सफॉर्मर, फ्यूज हे शब्द त्यांना नवे नसतात, ही झाली सोय. अडचण अशी की फळ्यावरच्या विजेवर ही मुले समाधान मानत नाहीत. दहावीला 'विद्युतधारेचे परिणाम' शिकवताना मी विजेच्या धक्क्याची आकडेवारी सांगत होतो. घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेचा एक मिलिअँपिअर प्रवाह अंगातून गेला तर मुंग्या येतात. दहा-पंधरा मिलिअँपिअरला हाताचे स्नायू असे आखडतात की धरलेली तार सोडता येत नाही. पन्नास ते शंभर मिलिअँपिअर छातीतून गेला तर हृदयाचे ठोके बिघडून माणूस दगावू शकतो. एवढ्यात एक मुलगी उभी राहिली.

"सर, माझ्या पप्पांचा खांदा जखडलाय. ते रोज मशीनचा शेक घ्यायला जातात. दोन पॅडच्या मध्ये खांदा ठेवतात आणि करंट सोडतात. मग त्यांना शॉक का बसत नाही?"

मी आत्मविश्वासाने उत्तर दिले, की त्या यंत्रातला प्रवाह अतिशय उच्च वारंवारतेचा असतो, असा प्रवाह वाहकाच्या पृष्ठभागावरूनच वाहतो, आत शिरत नाही, म्हणून आतल्या चेतातंतूंना त्याचा पत्ता लागत नाही. मी हे अनेक पुस्तकांत वाचले होते. मुलगी क्षणभर थांबली आणि म्हणाली, "मग सर, खांद्याच्या आतला सांधा गरम कसा होतो?"

या दुसऱ्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. ते शोधताना लक्षात आले की माझे पहिले उत्तरच चुकीचे होते. हेही कळले की या विजेचा जवळजवळ सव्वाशे वर्षांचा वैद्यकीय इतिहास नेमक्या याच दोन प्रश्नांभोवती फिरत आला आहे.

गॅल्व्हानोमीटरचा धनी

सुरुवात शाळेच्या प्रयोगशाळेतूनच करता येते. आपल्या कपाटातला मधोमध शून्य असलेला गॅल्व्हानोमीटर म्हणजे चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये टांगलेले तारेचे कुंतल. ही रचना १८८२ मध्ये फ्रान्समध्ये देप्रे आणि दार्सोंव्हाल या दोघांनी रूढ केली. यांपैकी झाक आर्सेन दार्सोंव्हाल (१८५१-१९४०) हा डॉक्टर होता. थोर शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार याच्या हाताखाली तो तयार झाला होता. स्नायू आणि चेतातंतूंमधले सूक्ष्म विद्युतप्रवाह मोजणे हा त्याचा ध्यास होता. उच्च वारंवारतेची वीज वैद्यकात आणणारा माणूसही हाच.

जुन्या सायकलचा डायनॅमो मिळाला तर वर्गात एक प्रयोग करून पाहा. डायनॅमोला त्याचा नेहमीचा छोटा दिवा जोडा. त्याच दोन टोकांना, मध्ये दहा हजार ओहमचा रोध घालून, गॅल्व्हानोमीटर जोडा. रोध विसरू नका, नाहीतर उपकरण बिघडेल. आता डायनॅमोची चकती हाताने सावकाश फिरवा. काटा डावीकडे-उजवीकडे झुलतो. दिवा लागत नाही. वेग वाढवा. काट्याचा झोका लहान लहान होत जातो आणि शेवटी तो शून्यावर नुसता थरथरत उभा राहतो. दिवा मात्र तेव्हाच लख्ख पेटतो! काट्यावर विश्वास ठेवला तर प्रवाह शून्य, आणि दिवा सांगतो की प्रवाह भरपूर आहे.

काट्याला डावीकडे जाण्याचा हुकूम मिळतो, तो हलेपर्यंत उजवीकडे जाण्याचा हुकूम येतो. जड काट्याला ही धावपळ जमत नाही. दिव्याच्या तारेला दिशेशी देणेघेणे नसते, प्रवाह कोणत्याही बाजूने गेला तरी ती तापते.

१८८८ ते १८९३ या काळात दार्सोंव्हालने जे केले ते याच जातीचे होते. फक्त काट्याच्या जागी त्याने स्नायू आणि चेतातंतू ठेवले. त्याआधी पन्नास-साठ वर्षे डॉक्टर विजेचा उपयोग करत होते तो स्नायूंना धक्के देण्यासाठी. फॅरेडेचे प्रवर्तन १८३१ सालचे, आणि पुढे फ्रान्समधल्या द्युशेनने त्या धक्क्यांनी एकेक स्नायू वेगळा हलवून दाखवला होता. सगळ्यांचा समज असा, की वीज जितकी झपाट्याने उलटसुलट होईल तितका धक्का जोराचा. दार्सोंव्हालने वारंवारता वाढवत नेली. सुरुवातीला स्नायूंचे आकुंचन खरोखरच वाढले. मग ते वाढेनासे झाले, नंतर कमी होऊ लागले, आणि सेकंदाला दहा हजार आवर्तनांच्या सुमारास जवळजवळ थांबले. फिरत्या यंत्राने याहून वर जाता येईना. तेव्हा त्याने लीडन पात्रातल्या विजेची ठिणगी पाडून होणारी आंदोलने वापरली. हर्ट्झने नुकताच याच मार्गाने विद्युतचुंबकीय लहरींचा शोध लावला होता. या आंदोलनांची वारंवारता काही लाख हर्ट्झ होती.

मग त्याने आपल्या प्रयोगशाळेतच तो प्रसिद्ध देखावा करून दाखवला. दोन माणसे उभी केली, त्यांच्या हातांमध्ये विजेचा दिवा जोडला आणि उच्च वारंवारतेचा प्रवाह सोडला. प्रवाह दोघांच्या अंगातून गेला, दिवा पेटला, आणि माणसे शांत उभी. घरातल्या विजेचा याच्या दहाव्या भागाइतका प्रवाहही त्यांचा जीव घेऊ शकला असता. या प्रयोगात त्यांना जाणवली ती फक्त मनगटांपाशी थोडी ऊब.

चेतातंतू गप्प का बसतात?

चेतातंतू म्हणजे तांब्याची तार नव्हे. त्याच्या भोवती अतिशय पातळ पटल असते आणि पटलाच्या आत-बाहेर विद्युतभाराचा फरक असतो. हा फरक पुरेसा बदलला की पटलातली सूक्ष्म दारे उघडतात, सोडियमचे आयन आत घुसतात आणि संदेश पुढे धावू लागतो. पटल हे एक प्रकारचे विद्युतधारित्र असल्याने त्यावर भार साठायला वेळ लागतो, आणि दारे उघडायलाही वेळ लागतो. हा वेळ मिलिसेकंदाच्या घरातला असतो.

आता हिशेब करू. ५० हर्ट्झच्या विजेत प्रवाह एका दिशेने दहा मिलिसेकंद वाहतो. दारे उघडायला तेवढा अवधी भरपूर झाला. पाच लाख हर्ट्झच्या विजेत तो एका दिशेने फक्त एक मायक्रोसेकंद वाहतो, म्हणजे दहा हजारपट कमी वेळ. पटल भारित होऊ लागते न लागते तोच प्रवाह उलटतो. दाराची कडी हलत नाही. गॅल्व्हानोमीटरच्या काट्याची उपमा इथे थांबते, कारण काट्याची अडचण त्याच्या वजनाची आहे आणि चेतातंतूची भार साठण्याची. पण वर्गात पहिल्या पायरीवर ती चालून जाते.

उष्णतेचे काय? ती प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध इतकी. मग वारंवारता कोणतीही असो. एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत शरीराच्या आतला रोध ढोबळमानाने ५०० ओहम धरा. ५० हर्ट्झचा प्रवाह दहा मिलिअँपिअरच्या पलीकडे नेता येत नाही. त्याची उष्णता ०.०१ × ०.०१ × ५००, म्हणजे ०.०५ वॉट. एवढ्याने काहीच तापणार नाही. उच्च वारंवारतेचा अर्धा अँपिअर सोडला तर ०.५ × ०.५ × ५००, म्हणजे १२५ वॉट! विजेने शरीर आतून शेकता येते ते चेतातंतू गप्प बसतात म्हणूनच. हे गणित मुलांकडून फळ्यावर करवून घ्यावे. दोन उत्तरांमधला फरक पाहून ती चकित होतात.

माझी चूक आणि शाफ्टचे पाणी

आता त्या पृष्ठभागाकडे. उच्च वारंवारतेचा प्रवाह वाहकाच्या कातडीतून वाहतो हे तत्त्व खोटे नाही. सातपूरमध्ये त्यावर कितीतरी घरे चालतात. गाड्यांचे शाफ्ट आणि गिअर वरून कठीण आणि आतून चिवट हवे असतात. त्यासाठी तो भाग तांब्याच्या नालकुंतलात धरतात, कुंतलात उच्च वारंवारतेचा प्रवाह सोडतात, आणि काही सेकंदांत पोलादाचा फक्त वरचा थर लाल होतो. लगेच फवारा मारून त्याला पाणी देतात. यालाच इंडक्शन हार्डनिंग म्हणतात. काही हजार हर्ट्झ वापरले तर थर काही मिलिमीटर जाड होतो, काही लाख वापरले तर मिलिमीटरभर. माझ्या विद्यार्थिनीचे वडील नेमके हेच काम करतात.

पण हा थर किती जाड हे वाहक किती चांगला आहे यावर अवलंबून असते. तांब्यात दहा लाख हर्ट्झला तो मिलिमीटरच्या पंधराव्या भागाइतका असतो. आपले शरीर मिठाच्या पाण्यासारखे, तांब्याच्या मानाने कोट्यवधी पटींनी वाईट वाहक आहे. त्याच सूत्रात शरीराचे आकडे घातले तर याच वारंवारतेला थराची जाडी अर्ध्या मीटरहून अधिक निघते. एवढा जाड माणूसच नसतो. म्हणजे प्रवाह सबंध शरीरातून आरपार जातो. जखडलेला खांदा आतून गरम होतो हा त्याचा रोजचा पुरावा आहे, आणि तो माझ्या विद्यार्थिनीने शोधला होता. पुढच्या तासाला मी फळ्यावर आधीचे उत्तर पुन्हा लिहिले आणि त्यावर काट मारली.

दार्सोंव्हालचीही या बाबतीत गंमत झाली. त्याने माणूस मावेल एवढा पिंजऱ्यासारखा नालकुंतल बांधला होता. रुग्णाला कोणतीही तार न लावता आत उभे करायचे आणि कुंतलात प्रवाह सोडायचा. शाफ्टच्या जागी माणूस, बाकी रचना तीच. शरीरात प्रवर्तनाने भोवऱ्यासारखे प्रवाह निर्माण होतात हे बरोबर होते. पण त्यामुळे शरीराचा सगळा व्यापार सुधारतो, रक्तदाब उतरतो, असे जे निष्कर्ष काढले गेले ते पुढे टिकले नाहीत.

जांभळ्या ठिणग्या

काहीच न जाणवणाऱ्या गोष्टीविषयी काहीही सांगता येते, आणि लोकांनी ते सांगितले. निकोला टेस्लाने १८९१ मध्ये उच्च वारंवारतेच्या प्रवाहांवर गाजलेले व्याख्यान दिले आणि त्याच वर्षी शरीरावर त्यांचा उपयोग सुचवला. १८९८ मध्ये विद्युतचिकित्सा करणाऱ्या डॉक्टरांच्या अमेरिकन संस्थेपुढे त्याने यावर निबंधही वाचला. फ्रान्समध्ये उदँ याने १८९३ मध्ये दार्सोंव्हालच्या यंत्राला एक अनुनादी कुंतल जोडून व्होल्टता इतकी वाढवली, की कुंतलाच्या टोकातून हवेत जांभळे तुरे निघू लागले. प्रयोगशाळेपेक्षा दवाखान्यात आणि दवाखान्यापेक्षा जत्रेत शोभावे असे ते दृश्य होते.

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत अमेरिका आणि युरोपमध्ये 'व्हायलेट रे' नावाची पेटी घरोघर विकली गेली. आत लहानसे टेस्ला कुंतल, वर हवा काढून घेतलेली काचेची नळी. नळी अंगाला लावली की आत जांभळा उजेड, बाहेर बारीक चरचर आणि ओझोनचा वास. टक्कल, दमा, निद्रानाश, बद्धकोष्ठ, सगळ्यांवर एकच नळी. नावात जांभळे किरण असले तरी खरे अतिनील किरण साध्या काचेतून फारसे बाहेर पडतच नाहीत. आपल्याकडे ब्यूटी पार्लरमध्ये 'हाय फ्रिक्वेन्सी' म्हणून जी काचेची कांडी चेहऱ्यावरून फिरवतात ती याच पेटीची नात आहे. रशियात तर अशा उपकरणाला आजही 'दार्सोंव्हाल' म्हणतात. एका चांगल्या शास्त्रज्ञाच्या वाट्याला हे असे अमरत्व यावे याचे वाईट वाटते.

याहून पुढे गेला तो सॅन फ्रान्सिस्कोचा डॉक्टर आल्बर्ट एब्रम्स. प्रत्येक रोगाचे स्वतःचे कंपन असते आणि आपली पेटी तेच कंपन सोडून रोग नाहीसा करते, असे तो सांगे. पेट्या तो भाड्याने देई, आणि त्या उघडायच्या नाहीत अशी अट घाली. 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकाने १९२३-२४ मध्ये दीर्घ चौकशी करून त्याच्या दाव्यात काहीच तथ्य नसल्याचे जाहीर केले. चौकशी संपण्याआधीच एब्रम्स वारला होता. 'कंपनांनी उपचार' अशा जाहिराती अजून येतात. विद्यार्थ्यांनी अशी जाहिरात वर्गात आणली तर दोन प्रश्न विचारायला शिकवावे. वारंवारता किती, आणि किती वॉट? बहुतेक जाहिराती पहिल्याच प्रश्नाला गप्प होतात.

ऊब हेच औषध

उष्णता म्हणजे उपचारात येणारी एक बारीकशी अडचण, असे सुरुवातीच्या डॉक्टरांना वाटे. ती अडचण नसून उपचार तोच आहे, हे ऑस्ट्रियातला फॉन झाइनेक आणि बर्लिनचा डॉक्टर नागेलश्मिट यांनी ओळखले. नागेलश्मिटने १९०७-०८ च्या सुमारास त्याला 'डायथर्मी' हे नाव दिले. ग्रीक भाषेत दिआ म्हणजे आरपार आणि थेर्मे म्हणजे उष्णता. गरम पाण्याची पिशवी कातडी तापवते आणि आतले रक्त ती उष्णता वाहून नेते, त्यामुळे खोल सांध्यापर्यंत फारसे काही पोचत नाही. डायथर्मीत उष्णता बाहेरून आत जात नाही, आतच तयार होते. एवढाच दावा, पण मोजता येण्यासारखा.

याच उष्णतेचा दुसरा उपयोग शस्त्रक्रियेत झाला. प्रवाह तोच ठेवून एका बाजूला १०० चौरस सेंटिमीटरची पट्टी लावा आणि दुसऱ्या बाजूला एक चौरस मिलिमीटरचे टोक. क्षेत्रफळात दहा हजारपट फरक, म्हणून टोकाशी प्रवाहाची घनता दहा हजारपट, आणि उष्णता घनतेच्या वर्गाने वाढत असल्याने ती दहा कोटीपट. पट्टीखाली काही जाणवत नाही, टोकाखालच्या पेशींतले पाणी क्षणात उकळते आणि पेशी फुटतात. अखंड लहरीने ऊतक कापले जाते. तुटक लहरीने रक्त गोठून वाहिनीचे तोंड बंद होते.

हार्वर्डमध्ये काम करणाऱ्या विल्यम बोव्ही याने असे यंत्र बनवले. तो सर्जन नव्हता, मूळचा वनस्पतिशास्त्रज्ञ होता. १ ऑक्टोबर १९२६ रोजी बोस्टनच्या तेव्हाच्या पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात मेंदूचा ख्यातनाम सर्जन हार्वी कुशिंग याने ते पहिल्यांदा वापरले. रुग्णाच्या डोक्यावर रक्ताने भरलेली गाठ होती. काही दिवस आधी कुशिंगने ती काढायचा प्रयत्न केला होता, पण रक्तस्रावामुळे हात आवरता घ्यावा लागला होता. या वेळी ती निघाली. आज कोणत्याही शस्त्रक्रियागृहात हे यंत्र असते. आपल्याकडेही डॉक्टर त्याला 'कॉटरी' नाहीतर 'डायथर्मी' म्हणतात. रुग्णाच्या मांडीखालची पट्टी नीट चिकटलेली नसेल तर तिथे भाजते. म्हणून नवी यंत्रे पट्टीचा स्पर्श सतत तपासत राहतात.

आकाशवाणीशी भांडण

ठिणगीच्या जागी निर्वात नळ्या आल्यावर वारंवारता कोटी हर्ट्झच्या वर गेली. अमेरिकेत शॉर्टवेव्ह प्रक्षेपकाजवळ काम करणाऱ्यांना ताप चढल्यासारखे होते, हे जनरल इलेक्ट्रिकच्या व्हिटनेने पाहिले आणि मुद्दाम ताप आणणारे यंत्र तयार केले. त्या काळी, प्रतिजैविके येण्याआधी, मेंदूपर्यंत पोचलेल्या गरमीच्या रोगावर ताप हाच उपाय होता. जर्मनीत श्लीफाके याने शॉर्टवेव्ह डायथर्मी रुळवली. आता पॅड कातडीला चिकटवायचीही गरज उरली नाही. रुग्णाचा खांदा दोन पट्ट्यांमध्ये आला की तोच विद्युतधारित्राचा मधला भाग होतो.

पण डायथर्मीचे यंत्र म्हणजे एक रेडिओ केंद्रच. दवाखाना सुरू झाला की परिसरातले रेडिओ खरखरू लागत. ही खोड एकदा कामाला आली. १९४० मध्ये जर्मन विमाने रात्री ३ कोटी हर्ट्झच्या आसपासच्या रेडिओ झोतांच्या आधाराने इंग्लंडवर बाँब टाकत. ते झोत बिघडवायला ब्रिटिशांनी घाईघाईने जी साधने उभी केली त्यांत रुग्णालयांतून आणलेली डायथर्मी यंत्रेही होती.

युद्धानंतर १९४७ मध्ये अटलांटिक सिटीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत तोडगा निघाला. उद्योग, विज्ञान आणि वैद्यक यांसाठी काही वारंवारता राखून ठेवल्या गेल्या. १३.५६, २७.१२ आणि ४०.६८ मेगॅहर्ट्झ या त्यांतल्या. शेकाच्या यंत्रावर आज २७.१२ हा आकडा दिसतो तो तिथून आला. मुलांना यावरून तरंगलांबी काढायला सांगावी, अकरा मीटर येईल. शेजारचा १३.५६ हा आकडा बँकेच्या टॅप करायच्या कार्डात सापडेल.

हाजीअलीपासून म्हसरूळपर्यंत

महाराष्ट्रात ही यंत्रे वापरणारे प्रशिक्षित हात पोलिओच्या साथीमुळे तयार झाले. मुंबईतल्या साथीनंतर १९५२-५३ च्या सुमारास केईएम रुग्णालयात महापालिका, केंद्र सरकार आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या सहकार्याने भौतिकोपचाराची शाळा निघाली. देशातल्या या शिक्षणाची ती सुरुवात मानली जाते. हाजीअलीची अखिल भारतीय पुनर्वसन संस्था १९५५ ची. आता या विषयाची पदवी देणाऱ्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय नाशिकला, म्हसरूळला आहे, आणि कामगार विमा योजनेचे रुग्णालय सातपुरातच आहे. म्हणजे या विषयाच्या क्षेत्रभेटीसाठी आम्हाला शहराबाहेर जावे लागत नाही.

मी मुद्दाम एका ओळखीच्या भौतिकोपचार तज्ज्ञ बाईंकडे जाऊन बसलो. मला वाटले होते, यंत्रावर सांध्याचे तापमान दाखवणारा मीटर असेल. तो नसतोच. बाई रुग्णाला विचारतात, "काका, कसं लागतंय?" काका म्हणतात, "कोमट." तोच डोस. चटका जाणवला तर जास्त, काहीच जाणवले नाही तर कमी. म्हणून यंत्र लावण्याआधी बाई दोन परीक्षानळ्या घेतात, एकीत गरम पाणी, दुसरीत थंड. रुग्णाला डोळे मिटायला सांगून त्या कातडीला लावतात आणि गरम कोणती ते विचारतात. हे ओळखता आले नाही तर शेक नाही. आम्ही पाचवीच्या वर्गात करतो तो प्रयोग इथे माणसाला भाजण्यापासून वाचवतो.

आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त प्रेस ऑपरेटरच्या बाबतीत ही परीक्षा कोणी केली नव्हती. त्यांना वीस वर्षांचा मधुमेह, पावलांची जाणीव केव्हाच गेलेली. घोट्याला शेक घेताना ते वर्तमानपत्र वाचत बसले होते. घरी आल्यावर मोजा काढला तेव्हा कातडी त्याला चिकटून आली. जखम भरायला चार महिने लागले. विजेचा धक्का चेतातंतूंना कळत नाही हा या उपचाराचा पाया, पण भाजणे मात्र त्यांना कळायलाच हवे, कारण दुसरा पहारेकरी नाही.

आणखीही पथ्ये आहेत आणि प्रत्येकामागे भौतिकशास्त्र आहे. घाम पुसून मध्ये कोरडा टॉवेल ठेवतात, कारण घामाच्या थेंबात प्रवाह एकवटतो. घड्याळ, साखळी काढून ठेवतात. खाट लाकडी घेतात. दोन पट्ट्यांमध्ये चरबीचा जाड थर आला तर स्नायूऐवजी तोच जास्त तापतो. तेव्हा पट्ट्यांऐवजी कुंतलाचा डबा वापरतात, म्हणजे दार्सोंव्हालचा पिंजराच, पण लहान. शरीरात पेसमेकर किंवा मेंदूत तार बसवलेली असेल तर हे यंत्र वर्ज्य. मेंदूत तार असलेल्या एका रुग्णाला तोंडातील शस्त्रक्रियेनंतर जबड्यावर डायथर्मी दिली गेली, तारेने ती ऊर्जा टिपली, टोकाशी मेंदूची ऊतके भाजली आणि कायमची इजा झाली. २००१ मध्ये हे प्रकरण प्रसिद्ध झाले आणि पुढच्या वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सर्वांना इशारा दिला.

शेकाने खांदा बरा होतो का, असे मी बाईंना सरळ विचारले. त्या म्हणाल्या, "शेकानं थोडा सैल पडतो. बरा होतो तो व्यायामानं. पण शेक घेतला नाही तर लोकांना उपचार झाल्यासारखं वाटत नाही." आज या शाखेतला भर व्यायामावरच आहे, शेक त्याला पूरक.

मात्र वीज दवाखान्यातून गेली असे नाही. ती आणखी आत शिरली. हृदयाचे ठोके एखाद्या चुकीच्या वाटेने फिरत असतील तर मांडीच्या रक्तवाहिनीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात आणि टोकातून सुमारे पाच लाख हर्ट्झचा प्रवाह सोडून ती वाट भाजून बंद करतात. १९८० च्या दशकात यासाठी आधी एकदिश विजेचा मोठा धक्का द्यावा लागे, रुग्णाला पूर्ण भूल देऊन. १९८७ नंतर उच्च वारंवारता आली आणि रुग्ण जागा राहू लागला. यकृतातल्या काही गाठीही याच रीतीने जाळतात.

आणि एक अपवाद. सुमारे दोन लाख हर्ट्झची विद्युतक्षेत्रे डोक्यावर सतत लावून मेंदूच्या एका कर्करोगाच्या पेशींचे विभाजन रोखण्याचा उपचार अमेरिकेत २०११ मध्ये मान्य झाला. त्यात ऊब हे औषध नाही. त्याचा फायदा किती यावर अजून वाद आहे, पण आकडे उघड आहेत, रुग्ण मोजलेले आहेत आणि पेटी कुलूपबंद नाही.

बाईंनी माझ्या विद्यार्थिनीला एकदा यंत्राजवळ येऊ दिले. त्यांच्याकडे एक छोटी निऑन नळी होती. तार नाही, सेल नाही. यंत्र सुरू करून ती डब्याजवळ धरली की नारिंगी पेटते, दूर नेली की विझते. यंत्र चालू आहे की नाही हे त्या असेच तपासतात, आणि स्वतः मीटरभर लांब उभ्या राहतात. मुलीने ते दोनदा पाहिले आणि परत येताना तिसरा प्रश्न विचारला. "सर, पप्पा तर रोज आठ तास त्या शाफ्टच्या कॉइलजवळ उभे असतात. मग त्यांना पण शेक लागत असेल का?"

मी सांगितले की अंतर वाढले की हे क्षेत्र झपाट्याने कमी होते, निऑन नळी विझली ती त्यामुळेच. पण हात कॉइलजवळ जात असेल तर बोटातली अंगठी शाफ्टसारखीच तापू शकते. तेव्हा वडिलांना विचार, मशीनवर जाताना ते अंगठी काढतात का.

दुसऱ्या दिवशी ती सांगायला आली. त्या खात्यात बदली झाली त्या दिवसापासून पप्पांची लग्नातली अंगठी आईच्या डब्यात आहे.